जो चित्रपट विकतच मिळत नाही, तो पाहायचा कसा?

विद्यार्थी सिनेमे फुकट पाहतात, गाणी फुकट उतरवून घेतात, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. या तक्रारीत दोन अगदी वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. एक म्हणजे कालच टॉकीजला लागलेल्या चित्रपटाची चोरटी प्रत. दुसरी म्हणजे पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा एखादा मराठी चित्रपट, जो पैसे मोजायची तयारी असूनही आज कुठेच मिळत नाही. पहिल्या बाबतीत मी पूर्णपणे निर्मात्याच्या बाजूने आहे. दुसऱ्या बाबतीत मी तितक्याच ठामपणे विद्यार्थ्यांच्या बाजूने आहे, आणि कायदाही त्यांच्या बाजूने उभा राहायला हवा असं माझं म्हणणं आहे.

आमच्या कॉलेजच्या फिल्म क्लबचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. क्लबचं काम पाहते म्हणून मी त्यात आहे. बाकी आजी-माजी विद्यार्थी. कुणी परळच्या वसतिगृहात राहणारं, कुणी डोंबिवलीहून अप-डाउन करणारं, कुणी शिक्षण संपवून अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओत रात्रपाळी करणारं. परीक्षेच्या वेळापत्रकापासून मेसच्या आमटीपर्यंत सगळं तिथे निघतं, पण रात्री साडेअकराच्या पुढे गाडी सिनेमा आणि गाण्यांवर येतेच. मागे एकदा मास मीडियाच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीने विचारलं, ‘ऐंशीच्या दशकातला हा मराठी चित्रपट कुणाकडे आहे का? प्रोजेक्टला पाहिजे, कुठेच मिळत नाहीये.’ दहा मिनिटांत टेलिग्रामची लिंक आली. तिच्याखाली लगेच एका माजी विद्यार्थ्याचा मेसेज: ‘लिंका टाकणं बंद करा रे. गेल्या पिक्चरचे माझे निम्मे पैसे अजून यायचेत. प्रोड्युसर म्हणतो, लीक झाला, आता कुठून देऊ?’ तो असिस्टंट एडिटर आहे. मुलीचं उत्तर आलं, ‘दादा, कुठे विकत मिळतो ते सांग, मी आत्ता पैसे भरते.’ त्याने शोधलं. ओटीटीवर, यूट्यूबवर, जुन्या डीव्हीडी विकणाऱ्यांकडे. रात्री दीडला त्याचा मेसेज पडला, ‘नाही मिळत.’

दोघंही खरं बोलत होते, आणि आपला कायदा या दोघांना एकाच मापाने मोजतो, ही माझी तक्रार आहे.

आधी त्या असिस्टंट एडिटरची बाजू मांडते, कारण ती मला मनापासून पटते. मराठी चित्रपटाचं आयुष्य पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं. शो मिळतात तेच मुळी आडवेळेला, आणि शुक्रवार ते रविवार गर्दी दिसली नाही तर सोमवारपासून तेही कमी होतात. अशा वेळी शुक्रवारी रात्री मोबाइलवर चोरून काढलेली प्रत फिरायला लागली, तर ती थेट सोमवारच्या शोच्या मुळावर येते. ‘हिरोला एवढे पैसे मिळतात, आमच्या एका तिकिटाने काय फरक पडतो’ असं मुलं म्हणतात. हिरोचं मानधन बहुतेकदा आधीच चुकतं झालेलं असतं. ज्यांची रक्कम अडकते ते साउंडवाले, एडिटवाले, कलादिग्दर्शकाचे मदतनीस, स्पॉटबॉय. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती होऊन टॉकीजमध्ये चोरून चित्रीकरण करणाऱ्याला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि किमान तीन लाख रुपये दंडाची तरतूद झाली. हा दंड चित्रपटाच्या निर्मिती खर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. शिक्षा कडक आहे आणि ती असायला हवी. तिकीट महाग आहे हे मला मान्य आहे, वसतिगृहात राहणाऱ्या मुलांचा महिन्याचा हिशोब मी जवळून पाहते. पण महाग आहे म्हणून चोरून पाहिलं, हे समर्थन मला मान्य नाही. मधल्या वारी सकाळचा शो गाठावा, नाहीतर चार महिने थांबून कुठल्या तरी प्लॅटफॉर्मवर आल्यावर पाहावा. थांबायची सोय आहे तोवर चोरीला निमित्त नाही.

गाण्यांच्या बाबतीतही हेच. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाई साठच्या दशकात उभ्या राहिल्या, त्यावरून रफीसाहेबांशी मतभेद झाले, काही काळ दोघांनी एकत्र गायचं थांबवलं. गीतकार-संगीतकारांना तर कॉपीराइट कायद्यात २०१२ ची दुरुस्ती होईपर्यंत वाट पाहावी लागली. त्याआधी निर्मात्याने एकदा हातात पाकीट ठेवलं की विषय संपायचा. या दुरुस्तीने पहिल्यांदा असं ठरलं, की रॉयल्टीतला हिस्सा गीतकार-संगीतकाराला सहीनिशीसुद्धा निर्मात्याला देऊन टाकता येणार नाही. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी बाजू लावून धरली होती. एवढी वर्षं झगडून मिळालेला हक्क कुणी ‘सगळं फुकटच असायला हवं’ म्हणून उडवून लावत असेल, तर मी त्याच्याशी वाद घालेन.

आता त्या मुलीकडे वळते.

तिला मिळालेली प्रत मी तिच्यासोबत बसून पाहिली. ती एका टीव्ही चॅनेलवरून कधीतरी रेकॉर्ड केलेली होती. उजव्या कोपऱ्यात चॅनेलचा लोगो, खाली सरकत जाणारी दुसऱ्याच मालिकेची जाहिरात. मूळ चौकट रुंद पडद्यासाठी ओढून ताणलेली, वरची-खालची कड कापलेली. उंबरठ्यावर बसून बोलणाऱ्या बाईचं कपाळ दिसत नव्हतं. मध्यंतरानंतर एक गाणं अर्ध्यात तुटलं आणि पुढचा प्रसंग सुरू झाला. आवाज असा, की पावसाच्या दृश्यात पाऊस कुठला आणि प्रतीची खरखर कुठली हे कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे श्रेयनामावली नव्हती. चॅनेलने वेळ वाचवायला सुरुवातीची पाटी उडवलेली आणि शेवटी ‘समाप्त’ यायच्या आत जाहिरात. मुलीचा प्रोजेक्ट छायालेखनावर होता. छायालेखक कोण हे तिला चित्रपट पाहून कळू शकलं नाही. जुन्या मासिकांत शोधून तिने ते नाव काढलं. संकलक आणि ध्वनिमुद्रक सापडले नाहीत, त्या दोन जागा तिने वहीत कोऱ्या सोडल्या.

कलावंताच्या हक्काविषयी बोलणाऱ्या प्रत्येकाने ही प्रत एकदा पाहावी असं मला वाटतं. चित्रपट बाजारात नाही, म्हणजे त्याच्या कलावंताला त्यातून दमडी मिळत नाही. पैसे नाहीतच, वर नावही पुसलं जातंय. मग हा हक्क नेमका कुणाला काय देतोय?

असे चित्रपट मिळत का नाहीत, याची कारणं गुंतागुंतीची आहेत, पण गूढ नाहीत. मराठीत एकच चित्रपट काढून थांबलेले निर्माते पुष्कळ. कुणी गेले, कुणाच्या मुलांत वाद आहेत, कुणाची कंपनी केव्हाच बंद पडली आणि हक्काचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते घरच्यांनाही ठाऊक नाही. काहींनी टीव्हीचे हक्क घाऊक विकले. घेणाऱ्याने पन्नास चित्रपटांचा गठ्ठा घेतला, त्यातले चार-पाच दाखवले, बाकीचे तसेच राहिले. डिजिटल आल्यावर मुंबईतल्या फिल्म लॅब एकेक करून बंद होत गेल्या, तेव्हा निगेटिव्ह उचलून न्यायला कुणी आलं, कुणी आलं नाही. मधला व्हीसीडीचा काळ बरा होता. दादर स्टेशनबाहेर, लालबागला, ठाण्याला दुकानादुकानांत मराठी व्हीसीडी रीतसर विकत मिळायच्या. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे गाण्यांचं-सिनेमांचं जुनं दुकानही २०१६ साली बंद झालं. व्हीसीडी चालवणारी यंत्रं तर घराघरांतून गेलीच. म्हणजे कधीकाळी जे विकत मिळत होतं तेही आज मिळत नाही. ग्राहकाने पाठ फिरवलेली नाही. दुकानच उठलं.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून साठ वर्षं. म्हणजे १९८५ साली लागलेला चित्रपट २०४५ अखेरपर्यंत बंद. तोवर त्या मुलीचं स्वतःचं मूल कॉलेजात असेल. ही साठ वर्षंही काही पहिल्यापासून नव्हती, पूर्वी पन्नास होती. साहित्याची मुदत लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली गेले, त्यांच्या साहित्यावरचा हक्क १९९१ अखेर संपणार होता, आणि तो हक्क टिकावा म्हणून १९९२ साली साऱ्या देशासाठी मुदत दहा वर्षांनी वाढवली गेली. एका थोर कवीच्या ग्रंथांसाठी घेतलेला निर्णय लालबागच्या टॉकीजात तीन आठवडे चाललेल्या विनोदी चित्रपटालाही लागू झाला.

मुदतीचा हिशोब किती गुंतागुंतीचा आहे ते पाहायचं तर गीतरामायण घ्या. १९५५ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झालेली ही छप्पन्न गीतं मराठी घराघरांत पोचलेली आहेत. गदिमा १९७७ साली गेले, म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. चाली बाबूजींच्या, सुधीर फडके २००२ साली गेले, म्हणून चालींवरचा हक्क २०६२ अखेरपर्यंत. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणखी वेगळा, तो प्रकाशनापासून साठ वर्षं. एकाच गाण्याला तीन तारखा. गीतरामायण आज सहज ऐकायला मिळतं, त्यामुळे तिथे कुणाचं अडत नाही आणि वारसांना त्यांचा वाटा मिळावा हेही योग्यच आहे. पण हाच तिहेरी हिशोब एखाद्या विस्मृतीत गेलेल्या चित्रपटातल्या लावणीला लावा, जिचा गीतकार कोण हेच धड कुणाला ठाऊक नाही. परवानगी मागायची तर कुणाच्या दारात जायचं?

माझी मागणी मोठी क्रांतिकारक नाही. कायद्यात ती अर्धी आधीच लिहिलेली आहे. कलम ५२ मध्ये कॉपीराइटचा भंग न ठरणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी आहे. त्यात एक पोटकलम असं सांगतं, की एखादं पुस्तक भारतात विकत मिळत नसेल, तर नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःच्या वापरासाठी त्याच्या तीन प्रती काढता येतात. पुस्तकात नकाशा, तक्ता, छापील स्वरलिपी हेही धरलंय. चित्रपट नाही, ध्वनिमुद्रिका नाही. म्हणजे ‘विकत मिळत नाही’ ही परिस्थिती कायद्याला कळते, तिच्यासाठी वाट करून द्यावी हेही मान्य आहे. फक्त ती वाट कागदापाशी थांबते. १९५७ साली चित्रपटाची प्रत काढणं म्हणजे लॅबमध्ये जाऊन रिळं धुऊन घेणं होतं, कुठलं ग्रंथालय ते करणार? आज ते काम टेबलावरचा कॉम्प्युटर करतो. परिस्थिती बदलली, पोटकलम तसंच राहिलं. त्यात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण हे दोन शब्द घालावेत, आणि अशी प्रत शैक्षणिक संस्थांना दाखवता यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

यावर एक आक्षेप हमखास येतो, तो गंभीर आहे. निर्माता उद्या त्याच चित्रपटाची स्वच्छ, नवी प्रत करून बाजारात आणणार असेल तर? त्याच्या आधीच कॉलेजांनी ती फुकट दाखवून त्याची बाजारपेठ मारली, तर तो खर्च कशाला करेल? उत्तर सरळ आहे. सवलत तेवढ्यापुरतीच असावी. चित्रपट सलग पाच वर्षं कुठल्याही रीतसर मार्गाने विकत किंवा भाड्याने उपलब्ध नसेल तर ती लागू व्हावी, आणि ज्या दिवशी मालक तो उपलब्ध करून देईल त्या दिवशी संपावी. मालकाच्या हातात सगळी सूत्रं राहतात. त्याने चित्रपट कुठल्याही प्लॅटफॉर्मवर पन्नास रुपयांना ठेवला, की आमची सवलत गेली आणि आम्ही पन्नास रुपये भरू. उलट मला वाटतं, पन्नास विद्यार्थ्यांनी पाहून, त्यावर लिहून, बोलून ज्याची आठवण जागी ठेवली, त्याच चित्रपटाची नवी प्रत काढावी असं एखाद्या निर्मात्याच्या मुलाला वाटेल. ज्याचं कुणी नावही घेत नाही, त्यावर पैसे कोण घालणार?

दुसरा आक्षेप वकील मित्रांकडून येतो: कायद्यात आधीच कलम ३१ आहे. मालक एखादी कृती लोकांपासून अडवून ठेवत असेल तर अर्ज करून सक्तीचा परवाना मागता येतो, आणि ३१ अ खाली कर्ता सापडतच नसेल तरीही. खरं आहे. पण हे कलम वापरलं कुणी? एफएम रेडिओ कंपन्यांनी, गाणी वाजवण्यासाठी. ते प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००८ साली त्यावर निकाल आला. असे अर्ज ऐकणारं मंडळ आधी दुसऱ्या मंडळात विलीन झालं, तेही २०२१ साली बरखास्त झालं आणि काम न्यायालयांकडे गेलं. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने प्रोजेक्टसाठी वकीलपत्र भरून न्यायालयात जावं, ही अपेक्षा कुणीही मनापासून करत नसेल. हक्क कागदावर असून भागत नाही. तो ज्याच्यासाठी आहे त्याच्या आवाक्यात असावा लागतो.

असलेली वाट आपणच कशी बंद ठेवतो, तेही सांगितलं पाहिजे. याच कलम ५२ मध्ये आणखी एक पोटकलम आहे. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात चित्रपट दाखवला किंवा ध्वनिमुद्रण ऐकवलं, आणि प्रेक्षक म्हणजे त्या संस्थेचे विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, विद्यार्थ्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असले, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. तिकीट न लावता, बाहेरच्यांना न बोलावता, कॉलेजच्या हॉलमध्ये क्लबने रीतसर घेतलेल्या डीव्हीडीवरून चित्रपट दाखवणं कायद्याला मंजूर आहे. वसतिगृहाच्या कॉमन रूममध्ये सगळ्यांसाठी गाणी लावायलाही वेगळ्या पोटकलमात मुभा आहे. मुंबईतल्या कितीतरी कॉलेजांच्या ऑफिसात हे कुणालाच माहीत नसतं. एका कॉलेजात आम्ही हॉलसाठी अर्ज नेला, तर खिडकीतले बाबू म्हणाले, ‘निर्मात्याचं परवानगीपत्र जोडा.’ निर्माता हयात नाही असं सांगितलं, तर म्हणाले, ‘मग मृत्यूचा दाखला जोडा.’ ते आमची अडवणूक करत नव्हते. त्यांना भीती होती, की उद्या नोटीस आली तर सही त्यांची असेल. प्राचार्यांनाही तीच भीती. हॉल मिळाला नाही. त्या संध्याकाळी मुलांनी तोच चित्रपट वसतिगृहात एका लॅपटॉपवर सात जणांनी डोकी जोडून पाहिला, आणि तीही कुठूनतरी उतरवलेली प्रत. जे उजेडात, चर्चेसह, चांगल्या पडद्यावर होऊ शकलं असतं ते भीतीने अंधारात ढकललं.

भीती निर्माण होते ती अर्धवट माहितीतून. २०१६ च्या पावसाळ्यात एखादी बंद केलेली साइट उघडली की पडद्यावर सूचना यायची, हे पान पाहणं हाही गुन्हा असू शकतो, तीन वर्षं कैद होऊ शकते. मुलं घाबरली, पालक घाबरले. त्यानंतर आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं, की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो परवानगीशिवाय वितरण करणं, जाहीर प्रदर्शन करणं, विकणं किंवा भाड्याने देणं. मूळ सूचना ज्यांनी वाचली त्यांतल्या किती जणांपर्यंत हे स्पष्टीकरण पोचलं? त्याच वर्षी दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध परदेशी प्रकाशकांनी लावलेल्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने शिक्षणाच्या गरजेची बाजू उचलून धरली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी खटला मागे घेतला. न्यायालयं विद्यार्थ्यांविषयी उदार आहेत. कॉलेजच्या ऑफिसातली खिडकी मात्र अजून घाबरलेली आहे.

यंत्रांचंही तेच. आमच्या एका विद्यार्थ्याने जुन्या मराठी चित्रपटांतल्या पार्श्वसंगीतावर बारा मिनिटांचा व्हिडिओ केला. प्रत्येक तुकडा पंधरा-वीस सेकंदांचा, त्यावर त्याचं बोलणं. समीक्षेसाठी रास्त वापर कलम ५२ ला मान्य आहे. पण टाकल्यावर काही तासांत दोन ठिकाणी आवाज बंद झाला. स्वयंचलित तपासणीला धून ओळखता येते, ती कशासाठी वापरली हे ओळखता येत नाही. दाद मागायची सोय असते, पण एकोणीस वर्षांचं पोर समोर कंपनीचं नाव पाहूनच गप्प बसतं.

हे सगळं फक्त विद्यार्थ्यांच्या सोयीपुरतं असतं तर मी एवढं जीव तोडून लिहिलं नसतं. प्रश्न चित्रपट जिवंत राहण्याचा आहे. १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला, भारताचा पहिला बोलपट. लोकांनी इतकी गर्दी केली की पोलीस बोलवावे लागले. आज त्याची एकही प्रत कुठे सापडत नाही. मूकपटांच्या काळात आपल्याकडे शेकड्यांनी चित्रपट निघाले, त्यातले बहुतेक सगळे नाहीसे झाले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली सुरू झालं, तोवर पुष्कळ हातचं गेलं होतं. संग्रहालयातले पी. के. नायर गावोगाव फिरून, लोकांच्या घरातून, गोदामांतून रिळं गोळा करत राहिले. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे तुकडे आज आपण पाहतो ते त्यांच्यामुळे. आणि जे जमलं होतं त्यातलंही २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या आगीत जळालं, चटकन पेट घेणारी नायट्रेटची जुनी रिळं होती ती. या सगळ्या इतिहासातून मला एकच गोष्ट दिसते. ज्याची प्रत एकाच ठिकाणी होती ते गेलं, ज्याच्या प्रती चार ठिकाणी होत्या त्यातलं काही उरलं. प्रती काढायला बंदी घालून आपण कुणाचं रक्षण करतो आहोत?

पुस्तकांच्या बाबतीत आपण शहाणपणा केला. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाला पुस्तकाची प्रत देशातल्या चार ग्रंथालयांना द्यावी लागते, त्यातलं एक आपल्या फोर्टातल्या टाऊन हॉलमधलं. कुणीही जाऊन ते पुस्तक मागू शकतं. चित्रपटासाठी मुंबईत अशी जागा नाही. ज्या शहरात पहिला चित्रपट लागला, जिथे अर्ध्या देशाचा सिनेमा बनतो, तिथल्या विद्यार्थ्याला ‘१९८७ चा अमुक मराठी चित्रपट पाहायचाय’ म्हणून जाता येईल असं एकही टेबल नसावं, ही मला शरमेची गोष्ट वाटते. पेडर रोडला गुलशन महालात २०१९ पासून भारतीय सिनेमाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, सुंदर आहे, मुलांना मी आवर्जून घेऊन जाते. पण तिथे कॅमेरे पाहायला मिळतात, पोस्टरं पाहायला मिळतात. हवा तो चित्रपट मागवून बसून पाहायची सोय हवी.

आणि सरकारी पैशाचं काय? सरकारने स्वतः काढलेल्या चित्रपटावरही साठ वर्षांचा हक्क आहे. फिल्म्स डिव्हिजनचे बरेच माहितीपट आता यूट्यूबवर आहेत, ते कामाचं पाऊल आहे. महाराष्ट्र सरकार दर्जेदार मराठी चित्रपटांना अनुदान देतं, कित्येक निर्माते त्या अनुदानाच्या आधारावर उभे राहतात, ते मिळत राहावं. त्यासोबत एक अट असावी: चित्रपटाची पूर्ण, श्रेयनामावलीसकट, चांगल्या दर्जाची प्रत सरकारकडे जमा करायची, आणि ठरावीक वर्षांनंतर राज्यातल्या कॉलेजांना आणि ग्रंथालयांना ती दाखवता यायची. यासाठी दिल्लीकडे बघायची गरज नाही. अनुदानाच्या नियमावलीत चार ओळी वाढवायच्या आहेत.

कॉपीराइटची दुरुस्ती मात्र संसदेतच व्हायला हवी. आमच्या क्लबने त्यासाठी एक यादी करायला घेतली आहे. चित्रपटाचं नाव, वर्ष, निर्माता, कुठे कुठे शोधला, काय उत्तर मिळालं, असे रकाने. तो असिस्टंट एडिटर आणि ती मास मीडियाची मुलगी दोघं मिळून ती सांभाळतात. यादीत नाव घालायच्या आधी चित्रपट खरंच कुठे मिळत नाही ना, याची खातरजमा तो करतो, आणि मिळाला तर ग्रुपवर विकत घ्यायची लिंक टाकतो. मुंबईतल्या प्रत्येक कॉलेजच्या क्लबने आपापल्या भागात हे करावं. कुणाच्या आजोबांनी काढलेला चित्रपट असेल, कुणाच्या चाळीत जुन्या प्रॉडक्शन मॅनेजरचं घर असेल, त्यांना विचारावं. मुंबईतून सहा खासदार लोकसभेत जातात. यादी पन्नास नावांची झाली, की तिच्यासोबत ग्रंथालयाच्या पोटकलमात चित्रपट आणि ध्वनिमुद्रण घालण्याचं निवेदन जोडायचं, सहाही कार्यालयांत जाऊन द्यायचं, आणि पोच घेऊनच बाहेर पडायचं.